डाव्या हाताची मश्क

आमच्याकडे टेनिसचा बॉल म्हणजे क्रिकेटचा बॉल. मालवणपासून आचऱ्यापर्यंत कुठल्याही दुकानात मागा, दुकानदार विचारेल, साधा की जड? या बॉलने टेनिसही खेळतात, हे आमच्या वाडीतल्या मुलांना मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीमुळे कळलं. ती तेरा वर्षांची, राहते पुण्यात, आणि सुट्टीत येताना प्रशिक्षकांनी दिलेला गृहपाठ घेऊन आली होती. तिचा दोन हातांचा बॅकहँड कच्चा होता, म्हणून दोन महिने त्याच्यावर मेहनत करायची होती. कोर्ट नव्हतं, पण खळ्याच्या एका बाजूला चिऱ्याची भिंत होती.

गृहपाठ चमत्कारिक होता. भाची उजव्या हाताची. तरी कागदावर लिहिलं होतं की रॅकेट मुठीच्या वरच्या भागात धरून रोज १०० बॉल नुसत्या डाव्या हाताने मारायचे, उजवा हात पाठीमागे. पहिल्या दिवशी तिचा प्रत्येक बॉल एक तर जमिनीत, नाहीतर माडाच्या आळ्यात. मी बाजूला आमसुलं उन्हात घालत होते. ती वैतागून म्हणाली, "खाला, तू मारून दाखव बघू!"

मी रॅकेट घेतली. विचार न करता घेतली, आणि डाव्या हातात घेतली. बॉल भिंतीला सरळ लागला, परत आला, पुन्हा लागला. असं अकरा वेळा. जन्मात पहिल्यांदा रॅकेट धरत होते मी.

"खाला, तू लेफ्टी आहेस?"

दारात उभी असलेली माझी बहीण म्हणाली, "होती."

उर्दू शाळेत पहिलीला मी तख्तीवर डाव्या हाताने मश्क करायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मश्क म्हणजे सराव, गिरवणं. आमच्या उस्तादांनी मला कधी मारलं नाही. फक्त दर वेळी कलम माझ्या डाव्या हातातून काढून उजव्यात द्यायचे, न बोलता. घरी दादी ताटावर तेच करायची. जेवण उजव्या हाताने, ही सुन्नत आहे आणि ती मी मनापासून पाळते. पण ताटावरचा अदब कलमापर्यंत कुणी आणि कधी ताणला, ते मला समजलेलं नाही. शेजारच्या घरातही वेगळं काही नव्हतं, तिथेही डावा हात पुढे केला की प्रसाद मागे जायचा. दुसरी संपेपर्यंत मी उजव्या हाताची झाले. अक्षर वाईटच राहिलं.

यातली गंमत शिक्षिका झाल्यावर लक्षात आली. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. डाव्या हाताच्या मुलाचा तळवा उर्दू लिहिताना ओल्या शाईवरून जातच नाही, मराठी लिहिताना मात्र सगळी ओळ पुसत जातो. म्हणजे डाव्या हाताला सोयीची अशी जी लिपी आम्हाला मिळाली होती, तिथेच तो हात थांबवला गेला.

असो. त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात प्रश्न राहिला की उजव्या हाताच्या मुलीला टेनिसवाले डावा हात का शिकवतात? रॅकेटवर हा दुसरा हात आला कधी? सुट्टीभर रात्री वाचत बसले. त्यातलं काही इथे मांडते.

लॉन टेनिस १८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये आकाराला आलं. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ची. पुढची जवळजवळ शंभर वर्षं बॅकहँड म्हणजे एका हाताचा, असंच पुस्तकात होतं. त्याला कारणंही होती. गवतावर बॉल खालून, घसरत येतो. तो उचलायला हात लांब लागतो, आणि दुसरा हात मुठीवर ठेवला की पोच कमी होते, एक पाऊल जास्त पळावं लागतं. शिवाय खेळ जाळ्याजवळ जाऊन व्हॉली मारण्याचा होता. हे सगळं खरं. पण त्याला जोडून आणखी एक गोष्ट होती, जी कारण नव्हती, नुसता रुबाब होता. दोन हात लावतात ती मुलं, बायका आणि अशक्त माणसं, असा समज.

आपल्याकडे हा खेळ साहेबाच्या जिमखान्यांतून आला आणि फार लवकर आपल्या लोकांनी उचलला. १९२१ साली भारत डेव्हिस कपमध्ये पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याने फ्रान्सला हरवलं. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या भारतीय टेनिस संघात लाहोरचे मोहम्मद सलीम, मुंबईचे अतहर अली फैझी आणि हैदराबादचे सय्यद मोहम्मद हादी होते. हेच हादी पुढे रणजी करंडकातलं पहिलं शतक ठोकणारे. १९३९ साली गौस मोहम्मद विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचले, तिथवर जाणारे ते पहिले भारतीय. टेनिस आपलं नव्हे असं कुणी म्हणालं तर ही नावं हाताशी असू द्या.

आमच्या जिल्ह्याचाही एक धागा आहे. वेदांचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित मूळचे सावंतवाडी संस्थानातले. त्यांची मुलगी संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव, आणि क्षमाबाईंची मुलगी लीला राव. आई स्वतः टेनिस खेळायची. लीला १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. पंडितांच्या घरात पोथी आणि रॅकेट एका पिढीच्या अंतराने नांदली, याचं मला कौतुक वाटतं.

पण दुसरा हात यायचा होता तो दुसरीकडून. ऑस्ट्रेलियात व्हिव्हियन मॅकग्रा नावाचा पोरगा दोन्ही हातांनी बॅकहँड मारायचा. १९३३ साली, सोळाव्या वर्षी, त्याने एल्सवर्थ व्हाइन्सला हरवलं. व्हाइन्स तेव्हा विम्बल्डन आणि अमेरिका दोन्हीकडचा विजेता होता. १९३७ साली मॅकग्रा ऑस्ट्रेलियाचा विजेता झाला, आणि अंतिम सामन्यात समोर जो होता त्याचं नाव वाचून मी उठून बसले. जॉन ब्रॉमविच. हा माणूस सर्व्हिस उजव्या हाताने करायचा, फोरहँड डाव्या हाताने मारायचा, आणि दुसऱ्या बाजूला दोन्ही हात. त्याचा हात कुणी बदलला नाही, किंवा बदलायला गेले आणि अर्धाच बदलला, देव जाणे. पुढे १९३९ आणि १९४६ साली तोही ऑस्ट्रेलियाचा विजेता झाला. तरी दोघांना अपवाद समजलं गेलं. एक्वाडोरचा पांचो सेगुरा तर फोरहँडच दोन हातांनी मारायचा. लहानपणी मुडदूस झालेला, एका हाताने रॅकेट पेलायची नाही. गरिबीतून आलेला हा माणूस जगातल्या अव्वल व्यावसायिक खेळाडूंत गेला, पण त्यालाही लोकांनी गमतीचा खेळाडू म्हणूनच पाहिलं.

खरा बदल १९७०च्या दशकात झाला, तोही मुलांमुळे. फ्लोरिडातल्या एका सार्वजनिक बागेतल्या मातीच्या कोर्टांवर जिमी एव्हर्ट टेनिस शिकवायचे. त्यांची मुलगी ख्रिस लहान होती, लाकडी रॅकेट तिला जड जायची, म्हणून ती दुसरा हात लावायची. बापाने हे तिला शिकवलं नव्हतं. मोठी झाली की सोडेल, अशी त्यांची आशा होती. तिने सोडलं नाही. जिमी कॉनर्सला त्याच्या आईने, ग्लोरियाने शिकवलं. स्वीडनचा बियाँ बोर्ग लहानपणी आइस हॉकी खेळायचा, आणि त्याचा बॅकहँड हॉकी स्टिकच्या फटक्यासारखाच दिसायचा. १९७४ साली फ्रेंच स्पर्धा बोर्ग आणि एव्हर्टने जिंकली, आणि विम्बल्डन कॉनर्स आणि एव्हर्टने. चारही किताब दोन हातांवाल्यांचे. त्यानंतर कुठला प्रशिक्षक कुठल्या तोंडाने मुलांना दुसरा हात काढ म्हणणार?

आणि शेवट कुठे झाला पाहा. फेब्रुवारी २०२४मध्ये पुरुषांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांमध्ये एका हाताने बॅकहँड मारणारा एकही उरला नाही. १९७३ला क्रमवारी सुरू झाल्यापासून हे पहिल्यांदा घडलं. मला स्वतःला एका हाताचा फटका बघायला जास्त आवडतो, फेडररचा तर फारच. पण तो आता जुन्या खत्तातींच्या हस्ताक्षरासारखा झालाय. बघायचा, शिकायचा नाही.

सानिया मिर्झाचं नाव घेतल्याशिवाय हा लेख आमच्या घरात कुणी वाचणार नाही. २००५ साली ती अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत गेली तेव्हा मी बीएड करत होते. हॉस्टेलच्या टीव्हीसमोर आम्ही मुली दाटीवाटीने बसायचो. त्या वर्षी तिच्या स्कर्टवर फतवा निघाल्याची बातमी आली आणि महिनाभर जो तो स्कर्टवर बोलला, बाजूने आणि विरुद्ध. तिचा फोरहँड जगात गाजत होता. तिच्या दोन हातांच्या बॅकहँडकडे बघायला कुणाला सवड होती? मलाही नव्हती, खोटं कशाला बोलू. ती हैदराबादेत शिकली तेव्हा सराव शेणाच्या कोर्टांवरही व्हायचा, हे तिने सांगितलेलं आहे. ते वाचून मी आमच्या सारवलेल्या खळ्याकडे जरा आदराने पाहिलं. २०१५ साली ती दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेली.

आता भाचीच्या गृहपाठाचं उत्तर. उजव्या हाताच्या खेळाडूचा दोन हातांचा बॅकहँड म्हणजे खरं तर डाव्या हाताचा फोरहँड आहे, उजवा हात नुसता सोबतीला. खालचा उजवा हात मूठ धरून रॅकेटचं तोंड सांभाळतो, वरचा डावा हात ढकलतो. नव्या मुलांची चूक होते ती इथेच. सवयीने उजवा हात जोर लावतो, डावा नुसता लटकतो, आणि बॉल जाळ्यात. म्हणून डाव्याला एकट्याने मश्क. राफाएल नदालचं उदाहरण उलट्या बाजूने हेच सांगतं. तो लिहितो उजव्या हाताने, खेळायचा डाव्याने, त्यामुळे त्याच्या बॅकहँडवरचा वरचा हात मुळातच बळकट होता.

हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग तुझ्यासारख्या लेफ्टीचं काय?" मी म्हटलं, मी आता लेफ्टी नाही, आणि राइटीही नीट नाही.

आम्ही दोघींनी मग वेळापत्रक केलं. फज्रनंतर ऊन चढायच्या आत. आधी ५० बॉल नुसत्या डाव्याने. मग उजव्या हाताची दोनच बोटं मुठीला टेकवून २०. मग पूर्ण दोन हात. खांदे बॉल उडायच्या आधी वळले पाहिजेत, म्हणून मी बाजूला उभी राहून "वळ" ओरडायची. चिऱ्याच्या भिंतीचा एक त्रास असा की बॉल खड्ड्याला लागला की वाटेल तिकडे येतो. तिने पहिल्या आठवड्यात त्यावर तक्रार केली, तिसऱ्या आठवड्यात करायची थांबली. पाय आपोआप हलायला लागले होते. मेच्या शेवटी डाव्या हाताने सलग २३ झाले. माझा आकडा सांगत नाही, ती वाचते हा ब्लॉग.

दादी आता नाही. असती तर काय म्हणाली असती, याचा मी बराच विचार केला. बहुतेक म्हणाली असती, "ताटावर मात्र उजवोच हां गो."

जूनच्या पहिल्या पावसात खळं बंद झालं आणि भाची पुण्याला गेली. शाळा सुरू झाली. तिसरीत एक मुलगा आलाय, डाव्या हाताने अलिफ काढतो, सरळ, खांबासारखा. त्याचे अब्बा भेटायला आले आणि म्हणाले, बाई, याची ही खोड मोडा. मी त्यांना बसवलं, मुलाची उर्दूची वही दाखवली, मग मराठीची. उर्दूची स्वच्छ होती. मराठीला मी त्याला वही तिरकी ठेवायला शिकवतेय. अब्बा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत.

परवा रात्री भाचीचा फोन आला. प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, सुट्टीत कुणाकडे शिकलीस? तिने सांगितलं, खालाकडे. मग मला विचारलं, तुझी मश्क चालू आहे का? रॅकेट ती घेऊन गेली. मी एक जुनी तख्ती काढली आहे आणि रात्री डाव्या हाताने गिरवते. अलिफ जमला, बे जमला. सध्या जीमवर आहे, त्याचं पोट अजून वाकडं येतं.