काळ्या पाण्यावरचे संसार

याद्या झाल्या, कार्यालय ठरले, आहेर-मानपानाचा हिशेब लागला, की हल्ली वधूवरांच्या घरच्या वहीत आणखी एक ओळ पडते : नवदांपत्याचा प्रवास. पूर्वी लग्नानंतर जोडपे कुलदैवताला जाऊन येई आणि ऐपत असलीच तर माथेरान-महाबळेश्वरची चार दिवसांची हवा खाई. मधुचंद्र हा शब्द घरात मोठ्याने उच्चारणेही तेव्हा अवघड वाटे. आता घरातले सारेच मिळून त्याचा बेत आखतात, आणि त्यात वारंवार निघणारे एक नाव म्हणजे अंदमान. निळे पाणी, पांढरी वाळू, नारळीची झाडे आणि दोघांपुरता निवांतपणा. लग्नाला पंचवीस-तीस वर्षे झालेल्या आपल्या काही भगिनीही आता तिकडचा विचार करू लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे.

परंतु आपल्या आजीच्या कानी हे नाव पडले असते तर तिने पदर तोंडाशी नेला असता. तिच्या लेखी अंदमान म्हणजे काळे पाणी. तेथे गेलेला माणूस घरच्यांना मेल्यासारखाच. ज्या बेटावर आज जोडपी एकमेकांच्या अधिक जवळ येण्यासाठी जातात, ते बेट सरकारने माणसांची ताटातूट करण्यासाठीच निवडले होते. या ताटातुटीत पुरुषांचा इतिहास पुष्कळसा लिहिला गेला. स्त्रियांचा मात्र फार थोडा. त्यातील जेवढे हाती लागते तेवढे येथे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंग्रजांनी या बेटांवर पहिली वसाहत १७८९ साली लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर याच्या हातून केली. परंतु रोगराईमुळे १७९६ मध्ये ती उठवावी लागली. पुढे सत्तावनचा उठाव झाला. पकडलेल्या हजारो लोकांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न उभा राहताच सरकारला या बेटांची पुन्हा आठवण झाली. १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे बंदिवान घेऊन पोर्ट ब्लेअरच्या बंदरात उतरला. जंगल तोडायचे, दलदल बुजवायची, स्वतःच्या राहण्याच्या झोपड्या स्वतःच बांधायच्या, असे ते जिणे. कित्येक तापाने मेले, कित्येक पळाले आणि जंगलात मारले गेले.

या पळालेल्यांपैकी दूधनाथ तिवारी नावाच्या बंदिवानाची हकीकत प्रसिद्ध आहे. त्याचे सोबती मूळ अंदमानी लोकांच्या बाणांना बळी पडले; हा मात्र जखमी होऊन वाचला आणि त्या लोकांतच सुमारे वर्षभर राहिला. त्यांनी त्याला आपल्यातली लिपा नावाची मुलगी बायको म्हणून दिली. मे १८५९ मध्ये हे लोक गोऱ्यांच्या ठाण्यावर चाल करून जाणार असल्याचे कळताच दूधनाथ तिला मागे टाकून निघून आला आणि त्याने इंग्रजांना आगाऊ खबर दिली. ॲबर्डीनच्या त्या लढाईत अंदमानी लोकांचा मोड झाला. दूधनाथला माफी मिळून तो १८६० मध्ये आपल्या मुलखाला परतला. लिपा तेथेच राहिली. वसाहतीच्या इतिहासात नोंदले गेलेले हे पहिल्या काही संसारांपैकी एक. आणि त्याचा शेवट असा झाला.

आता बंदिवान स्त्रियांकडे वळू. बेटावर नुसते पुरुष ठेवले तर ते दंगे करतील, घरदार झाले म्हणजे स्थिरावतील, असा सरकारचा हिशेब होता. म्हणून हिंदुस्थानातील तुरुंगांतून जन्मठेपेच्या स्त्रियाही तिकडे पाठविण्यात येऊ लागल्या. त्या कोण होत्या? पुष्कळजणींवर खुनाचा आरोप शाबीत झालेला असे. आणि त्यांत पोटच्या अर्भकाचा जीव घेतल्याबद्दल शिक्षा झालेल्या अनेक होत्या. हे वाचून अंगावर शहारा येतो. पण या अपराधामागचा अपराध आपल्या घराघरांत होता, हे पुण्याच्या एका उदाहरणावरून कळते.

जोतिराव फुले यांनी १८८४ साली बालविवाह व वैधव्य यांविषयी आपले मत लिहून कळविले, त्यात काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेची हकीकत आहे. ती जोतिरावांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असे. एका शास्त्र्याने तिला नादी लावले आणि दिवस राहिल्यावर हात वर केले. लोकलाजेच्या भयाने तिने जन्मलेल्या मुलाचा जीव घेऊन त्याला विहिरीत टाकले. तिला जन्मठेप होऊन अंदमानला पाठविण्यात आले. शास्त्री मोकळाच राहिला. या घटनेने व्यथित होऊन जोतिरावांनी १८६३ साली आपल्या घराशेजारी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे गुप्तपणे येऊन सुरक्षित बाळंत व्हावे, अशा जाहिराती भिंतींवर लावल्या, आणि येणाऱ्या अभागिनींची शुश्रूषा सावित्रीबाईंनी केली. पस्तीस विधवा तेथे आल्याचे जोतिरावांनी नमूद केले आहे. म्हणजे काळ्या पाण्यावर जाणाऱ्या पस्तीस वाटा त्या एका घराने अडविल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे १८८१ साली सुरतकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच अपराधासाठी फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेपेवर व शेवटी पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांतून तिच्या निमित्ताने सर्वच विधवांवर जे तोंडसुख घेतले गेले, त्याने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ ती हीच.

बेटावर पोचल्यानंतर या स्त्रियांचे काय होई? साउथ पॉइंट येथे बायकांचा निराळा तुरुंग होता. दळणे, विणणे, शिवणे अशी कामे तेथे असत. पाच वर्षे वर्तणूक चांगली राहिली तर त्यांना लग्नाची परवानगी मिळू शके. पुरुषाला याहून बरीच अधिक वर्षे काढावी लागत, आणि स्वतःच्या मेहनतीवर पोट भरण्याचे तिकीट मिळवावे लागे. ठरलेल्या दिवशी परवानगीवाले पुरुष बायकांच्या तुरुंगात येत, पसंती होई, दोघांचा होकार अधिकाऱ्यापुढे नोंदला जाई, आणि जोडपे आपल्या झोपडीकडे चालू लागे. मांडव नाही, मामा नाही, अंतरपाट नाही. धर्म एक असावा, एवढे पाहिले जाई. जात मात्र तेथे बरीचशी आपोआप गळून पडे. बिहारचा नवरा, मद्रासकडील बायको आणि मुलांच्या तोंडी हिंदुस्थानी बोली, अशी घरे तेथे झाली. पंधरा वर्षे पुरी झालेली विवाहित स्त्री नवऱ्याच्या सुटकेबरोबर बेट सोडून जाऊ शके.

हे संसार सुखाचे होते असे सरसकट म्हणता येणार नाही. पुरुषांच्या मानाने स्त्रिया फारच थोड्या, त्यामुळे संशय, मारहाण आणि खूनही होत. आणि तुरुंगातून सुटण्याचा दुसरा मार्ग जवळजवळ नसताना दिलेल्या होकाराला होकार तरी किती म्हणावे? तरीही कित्येकांनी निष्ठेने घरे केली. अंबाल्याच्या खटल्यात शिक्षा होऊन १८६६ साली तेथे गेलेले मौलवी मुहम्मद जाफर थानेसरी यांनी अल्मोड्याकडील एका बंदिवान स्त्रीशी लग्न केले, आणि १८८३ मध्ये सुटका झाल्यावर ते तिला व मुलाबाळांना घेऊन देशी परतले. त्यांनी लिहिलेल्या आत्मवृत्तात हे सारे आले आहे. जे परतले नाहीत त्यांची मुलेनातवंडे आजही तेथे ‘लोकल बॉर्न’ या नावाने ओळखली जातात.

अधिकाऱ्यांच्या बायकांनाही या बेटाने सोडले नाही. बंदरासमोरील उंच डोंगराला सुपरिंटेंडेंट टायटलर याच्या पत्नीचे, हॅरियटचे नाव दिले गेले होते. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो सूर्यास्त पाहण्यासाठी त्या डोंगरावर चढला. तो देखावा पाहून खाली होपटाउनच्या धक्क्यावर येतो न येतो तोच अंधारात शेर अली या बंदिवानाने त्याला भोसकले. लेडी मेयो ‘ग्लासगो’ जहाजावर त्याची वाट पाहत होती. तिच्याकडे त्याचे प्रेतच गेले. शेर अलीला व्हायपर बेटावर फाशी देण्यात आले. २०२१ साली या डोंगराचे नाव माउंट मणिपूर असे बदलण्यात आले. कारण १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरच्या राजघराण्यातील बंदिवानांना येथेच ठेवले होते.

पुढे १८९६ ते १९०६ या काळात सेल्युलर जेल बांधले गेले. मध्ये मनोरा, भोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, आणि जवळजवळ सातशे कोठड्या. एका कोठडीतल्याला दुसऱ्याचे तोंड दिसू नये अशी रचना. येथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध फार जवळचा आहे. बाबाराव सावरकर येथे आधीच होते; विनायकराव ४ जुलै १९११ रोजी आले. दोघे भाऊ एकाच तुरुंगात असून दीर्घकाळ एकमेकांना भेटू शकत नव्हते. त्यांच्या कोलू फिरविण्याविषयी आपण शाळेत वाचले. परंतु नाशिकला त्यांच्या मागे राहिलेल्या दोघी जावांविषयी किती वाचले? बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी यांनी नाशिकच्या स्त्रियांना एकत्र करून आत्मनिष्ठ युवती संघ चालविला होता. आपल्यासारख्या मंडळांच्या त्या पूर्वजच म्हणावयाच्या. घरावर जप्ती आली, नातलग दार लावून घेऊ लागले, तरी त्या डगमगल्या नाहीत. पतीच्या भेटीच्या परवानगीची त्या वर्षानुवर्षे वाट पाहत होत्या. १९१९ साली धाकटे दीर नारायणराव यांना भेटीची परवानगी मिळाली, पण येसूवहिनी त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या. नारायणरावांबरोबर माई, म्हणजे विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई, अंदमानला गेल्या. आठ वर्षांनी पतीची भेट, तीही पहाऱ्यात. आणि बाबारावांना तेथे कळले की आपली पत्नी या जगात नाही. मराठी घरातल्या जोडप्याची अंदमानातली भेट म्हणून हीच प्रथम डोळ्यांपुढे येते. माईंचा संसार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो १९२४ नंतर, रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत.

१९२१ नंतर सरकारचे धोरण पालटले. राहिलेल्या कैद्यांना गावाकडची बायकामुले आणण्यास उत्तेजन मिळाले. १९४२ ते १९४५ जपानी अंमलाचे हाल या वसाहतीने सोसले. स्वातंत्र्यानंतर, १९४९ पासून, पूर्व बंगालमधील निर्वासित कुटुंबे येथे वसविण्यात आली. आज ज्या हॅवलॉक बेटावर जोडपी सर्वांत अधिक जातात, तेथे या शेतकरी नवराबायकांनी जंगल तोडून भातशेती उभी केली आणि गावांना आपल्या देवांची नावे दिली : गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर, राधानगर. या राधानगरच्याच किनाऱ्याला २००४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने आशियातील उत्तम किनारा ठरविले. हॅवलॉकचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप, रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम् झाले आहे.

तेव्हा आपल्या घरातले कोणी तिकडे निघाले, तर बेत असा आखावा. डिसेंबर ते एप्रिल हे दिवस चांगले. चेन्नई किंवा कोलकात्याहून विमानाला दोन-अडीच तास लागतात. स्वराज द्वीपाच्या बोटीची जागा आधी राखून ठेवावी, आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा हाताशी असू द्यावा. कारण समुद्र खवळला की बोटी बंद राहतात. तेथे सूर्य आपल्यापेक्षा फार लवकर उगवतो आणि थंडीत सव्वापाचच्या सुमारास मावळतो, म्हणून सकाळ वाया घालवू नये. प्रवाळ किंवा शिंपले उचलून आणू नयेत. जारवा लोकांच्या वाटेस जाऊ नये, त्यांची छायाचित्रे काढू नयेत. कायद्याने ते मना आहे.

आणि एक दिवस या इतिहासासाठी ठेवावा. सकाळी रॉस बेटावरची पडकी घरे पाहावी, जेथे वडाची मुळे भिंतींतून उतरली आहेत. दुपारी सेल्युलर जेलमध्ये जावे. १९७९ साली ते राष्ट्रीय स्मारक झाले आणि त्याच्या मनोऱ्यात राजबंद्यांची नावे कोरलेली आहेत. ती वाचताना मागे राहिलेल्या येसूवहिनींची, पुण्याहून गेलेल्या काशीबाईची आणि जंगलाच्या कडेला राहिलेल्या लिपाची नावे जोडीने मनात म्हणावी. मग खुशाल राधानगरच्या वाळूवर जावे. एकमेकांच्या सोबतीने बसण्याला तेथे आता कोणाची परवानगी लागत नाही.

वर्धापनदिनाच्या निमित्ताने एवढेच मागणे, की आपल्यातून जी जोडपी तिकडे जाऊन येतील, त्यांनी परत आल्यावर मंडळाच्या एका दुपारी पाहिलेले सर्वांना सांगावे.