संगणकाची भाऊबंदकी

बँकेतल्या कारकुनाला निवड करण्याची सवय नसते. व्याज किती द्यायचं, जेवणाची सुट्टी कधी घ्यायची, सगळं परिपत्रकातून येतं. गेली वीस वर्षं मी परिपत्रकावर सुखाने जगत आलो. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा रतीब बंद झाला आणि आमचा घरचा वृद्ध संगणक विंडोज ११ च्या वैद्यकीय तपासणीत नापास झाला. वडिलांचा बारा वर्षांचा जमाखर्च त्यात. भंगारात कसा घालायचा?

पुतण्या म्हणाला, "काका, लिनक्स टाका. फुकट आहे."

"टाक की."

"कुठलं?"

माझा घसा कोरडा पडला. लिनक्स एक नसून शेकड्यांनी आहेत, ही बातमी मला तेव्हा कळली. फुकटच्या वस्तूत निवड करायची म्हणजे मांडवात पंगतीला बसून मेनूकार्ड मागण्यासारखं! पण मी पडलो बी.कॉम. खातं जुळेना की मागच्या नोंदी उघडायच्या, एवढं आम्हांला येतं. उघडल्या.

मूळपुरुष हेलसिंकीचा. लिनस टोर्वाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, लिहिला. पण नुसत्या जोत्यावर संसार होत नाही. वर भिंती, खोल्या, स्वयंपाकघर बांधून घर ताब्यात देतात, ती डिस्ट्रिब्यूशनं. जोतं सगळ्यांचं एकच. भांडणं काय ती खोल्यांवरून.

पहिली वाटणी १९९३ सालची. एसएलएस नावाच्या तेव्हाच्या एका घरातल्या गळतीला दोघे कंटाळले. पॅट्रिक व्होल्कर्डिंगने जुलैत तेच घर डागडुजी करून स्लॅकवेअर काढलं. इयन मर्डॉकने ऑगस्टात नव्याने पाया आखून डेबियनची घोषणा केली. दोन्ही घरं आजही उभी आहेत. डेबियन हे नाव त्याने मैत्रीण देब्रा आणि आपण स्वतः, अशी दोन नावं जोडून केलं. पुढे ती त्याची बायको झाली.

हे मी सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शिका काहीतरी. तुम्ही लॉकरलासुद्धा माझं नाव लावलं नाहीत."

पुढे त्या दोघांचा घटस्फोट झाला, ही नोंद मी वाचून दाखवली नाही.

२००४ साली मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकेच्या धनिकाने डेबियनच्या जोरावर उबुंटू काढलं. हा गृहस्थ त्याआधी अंतराळात जाऊन आलेला, त्यामुळे खर्चाला भीत नव्हता. काही वर्षं तर मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी घरपोच! पहिल्या आवृत्तीचं नाव मात्र चामखिळीवालं रानडुक्कर. २००६ मध्ये उबुंटूच्या पोटी मिंट जन्मलं. त्याच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात. घराण्यात सुधारणा होते ती अशी.

मग आलं २०११. उबुंटूने सगळ्यांचा पडदा एकदम बदलला. बटणांची पट्टी डाव्या कडेला उभी, जुना मेनू गायब. या नव्या रूपाचं नाव होतं युनिटी, म्हणजे ऐक्य. आणि ऐक्य म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं: फूट पडली! कितीतरी माणसं बोचकी बांधून मिंटकडे गेली. मिंटने जुन्या वळणाचा पडदा राखला आणि त्याचं नाव ठेवलं सिनॅमन, म्हणजे दालचिनी. पुढे २०१७ मध्ये उबुंटूनेच ऐक्य गुंडाळायचं जाहीर केलं.

इथे माझा ताळेबंद जुळला. माणसाला चांगली वस्तू हवी असते, हे खोटं. त्याला कालची वस्तू कालच्या जागी हवी असते. आमच्या शाखेत पासबुकाची खिडकी चार फूट सरकवली, तर महिनाभर पेन्शनर जुन्या भिंतीशी पासबुक धरून उभे होते.

मी मिंट म्हटलं. पुतण्याने ते आधी पेनड्राईव्हवरून चालवून दाखवलं, संगणकातलं काही न पुसता. छपाईयंत्र चाललं, वाय-फाय लागलं, वडिलांचा जमाखर्च पैसुद्धा न हलता उघडला. मग सगळ्याची प्रत काढून ठेवून कायमची स्थापना. शेवटी त्याने संगणकाचं नाव विचारलं. मी आयुष्यात प्रथमच परिपत्रकाशिवाय निर्णय घेतला आणि दोघांची नावं जोडून सांगितली.

सौ. पडद्याकडे बघून म्हणाली, "तिथे देब्राचं आधी होतं ना?"

एवढ्यावरून घरात दुसरं डिस्ट्रिब्यूशन निघायला नको, म्हणून मी मुकाट्याने नावं उलटी केली.