गुटी आणि गोळी

आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं, माळ्यावर कां होईना, एक लहानशी सहाण अजून असेल. तिच्यावर आजीनें कधीं काळीं वेखंड, हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ आणि हळकुंड यांचे वेढे मोजून उगाळले असतील, खारीक-बदामाची त्यांत भर घातली असेल, आणि तें चाटण तान्ह्याच्या जिभेला लावलें असेल. ही गुटी आमच्या वर्गाच्या आठवणींत गोड होऊन राहिली आहे. तिच्याच नात्यांतली, पण जिचें नांव आतां सहसा कोणी काढीत नाहीं, अशी दुसरी एक वस्तु या मुंबईंत होऊन गेली. ती बाळागोळी. दोन्ही तान्ह्यांकरितां, दोन्ही आईच्याच हातच्या. भेद एवढाच कीं, गोळींत अफू असे.

कोणी ती जायफळ-केशराबरोबर मळून घरीं वळीत, कोणी बाजारांतून आणीत. पहाटे गिरणीचा भोंगा झाला कीं रीलिंगच्या किंवा वाइंडिंगच्या खात्यांत काम करणारी बाई निघे. खोली एकच, तींत कधीं म्हातारी सासू, कधीं सात-आठ वर्षांची थोरली मुलगी, कधीं नुसती शेजारीण. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांच्या कामाची मर्यादा दिवसाला अकरा तास ठरविली होती, आणि त्या वेळीं ती सुधारणा मानली गेली. तेवढे तास पोर निजून राहिलें पाहिजे, तर त्याला गोळी पाहिजे. अफूनें श्वास मंदावतो, आंतडीं आळसावतात, भूक मरते. झोपलेलें मूल रडत नाहीं, आणि रडणें हेंच तान्ह्याचें एकमेव मागणें असल्यामुळें, जें रडत नाहीं त्याला दूधहि मिळत नाहीं. तें विषानें मरे असें दर वेळीं नव्हे. अनेकदां तें निमूटपणें उपाशी राही. मूल दोन-अडीच वर्षांचें होईपर्यंत ही संवय चाले; मग गोळी हळूहळू लहान करीत जावें लागे. एकदम बंद केली तर पोर ढाळूं लागतें, हें वैद्यकाचें पुस्तक न वाचतां चाळींतल्या बायकांना ठाऊक होतें.

ही रीत आपल्याच अडाणीपणाची, असें मानून मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. ज्या लँकेशायरहून आमच्या गिरण्यांचीं यंत्रें आलीं, तेथल्या गिरणीवाल्या बायका त्याच एकोणिसाव्या शतकांत आपल्या मुलांना 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नांवाचें अफूमिश्रित गोड औषध पाजीत होत्या. अमेरिकेंत तेंच काम विन्स्लोबाईंच्या 'सूदिंग सिरप'नें केलें. त्यांत मॉर्फिन असे, आणि १९०६ च्या अन्न व औषधि कायद्यानें बाटलीवर तसें छापणें भाग पडेपर्यंत आयांना तें कळण्याचा मार्ग नव्हता. यंत्र, अकरा तास आणि अफू हीं तिन्हीं एकाच जहाजानें प्रवास करीत होतीं असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. फरक एका बाबतींत होता. तिकडे औषध खासगी दुकानदार विकी. इकडे अफूचा मक्ता सरकारचा होता.

माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई आणि तिच्या जकातीवर मुंबई सरकारचा गल्ला भरे, हें इतिहासाच्या पुस्तकांत सांपडतें. घरच्या घरीं खपणारी अफू मात्र परवान्याच्या लहान दुकानांत विकली जाई, व तिचेंहि उत्पन्न अबकारी खात्याच्या हिशेबांत जमा होई. विलायतेंतील अफूविरोधी मंडळींनीं पार्लमेंटांत गलबला केला म्हणून १८९३ सालीं लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालीं एक रॉयल कमिशन नेमलें गेलें. तें देशभर फिरलें, मुंबईसहि आलें. पश्चिम हिंदुस्थानांत तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल किती सर्रास आहे हें साक्षीदारांनीं त्याच्यापुढें सांगितलें. १८९५ च्या अहवालांत बहुमतानें निष्कर्ष असा निघाला कीं, या देशांत अफूचा वापर एकंदरींत माफक आहे, आणि तो बंद पाडण्याचें कारण नाहीं. हेन्री विल्सन या एकट्या सभासदानें भिन्न मत नोंदविलें. साक्षींत तान्ह्यांचा उल्लेख होता. निकालांत त्यांचें वजन पडलें नाहीं.

त्यांचें वजन पडावयास आणखी पाव शतक लागलें, आणि तें पाडलें एका स्त्री-डॉक्टरनें. १९१९ सालीं वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेंत बाळंतपणाच्या रजेचा ठराव झाला. बारा आठवड्यांची रजा हिंदुस्थान सरकारला पेलणारी वाटली नाहीं. परंतु निदान चौकशी करणें त्याच्या वांट्यास आलें. त्या ओघांत मुंबई सरकारनें डॉ. बार्न्स यांची नेमणूक केली, आणि त्यांचा वृत्तांत १९२२ सालीं सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतला एक आंकडा पुढें जगभर फिरला: गिरणींत काम करणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांना अफू दिली जाते. जेथें जेथें अफूच्या नीतीविषयीं वाद झाला, तेथें तेथें हा आंकडा उद्धृत झाला. सी. एफ. अँड्र्यूज यांनीं १९२६ सालीं हिंदुस्थानांतील अफूवर पुस्तिका लिहिली तीहि त्याच वादांतली.

आम्हांस त्या आंकड्याहून त्याच्या शेजारची हकीकत अधिक महत्त्वाची वाटते. बार्न्सबाईंनीं मुलाकडे पाहून न थांबतां आईकडे पाहिलें. कळा येईपर्यंत ती कामावर असे. बाळंतपणानंतर शक्य तितक्या लौकर परत येई, कारण जागा गेली तर ती पुन्हां मिळविण्यास नायकिणीचा हात ओला करावा लागे. नायकीण म्हणजे बायकांच्या खात्यावरची मुकादमीण. बाईच्या पोटापाण्यावर तिची मर्जी मालकाच्या मर्जीहून जवळची होती. अशा बाईला अफूचे दुष्परिणाम व्याख्यानांतून समजावून सांगणें म्हणजे बुडत्याला पाण्याची खोली सांगणें होय. तिला खोली ठाऊकच होती.

त्याच सुमारास मुंबईच्या बालमृत्यूचे आंकडे वाचून सुशिक्षित मंडळी हादरलीं. १९२१ सालीं शहरांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें साडेसहाशेंवर तान्हीं मुलें दगावलीं. हा आंकडा सावधपणें घ्यावा लागतो, कारण अनेक बायका बाळंतपणास कोंकणांत किंवा देशावर जात, जन्म तिकडे नोंदला जाई वा नोंदला जातच नसे, आणि मूल मुंबईंत मरे. भाजक लहान, भागाकार मोठा. तरीहि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांचा आंकडा चार खोल्यांच्या कुटुंबांच्या आंकड्याच्या कित्येक पट होता, आणि हा फरक नोंदणीच्या दोषानें पुरता उलगडत नाहीं. अफू ही त्या मृत्यूंच्या कारणांपैकीं एक; खोली, पाणी, पटकी आणि भूक हीं बाकीचीं. कलकत्त्याचे कर्नल रामनाथ चोप्रा यांनीं पुढें अफूच्या व्यसनाचा शास्त्रीय अभ्यास केला, त्यांतहि तान्ह्यांना अफू देण्याच्या चालीची स्वतंत्र दखल आहे.

मग कायदा आला. १९२८ च्या जुलैंत मुंबईच्या कायदे कौन्सिलांत बाळंतभत्त्याच्या बिलावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळीं कौन्सिलाचे नेमलेले सभासद होते. बाळंतपणाच्या आधीं व नंतर आईला विसांवा मिळणें हें देशाच्या हिताचें आहे, तेव्हां त्याचा भार वास्तविक सरकारनें उचलावा; पण तें होत नाहीं तोंवर ज्या मालकाला तिच्या श्रमाचा लाभ मिळतो त्यानें तो सोसणें वावगें नाहीं, अशा आशयाचा पाठिंबा त्यांनीं दिला. १९२९ सालीं कायदा झाला: एकूण सात आठवडे, मुंबई शहरांत रोज आठ आणे. आज ही रक्कम हास्यास्पद वाटेल. त्या बाईस ती वाटली नसावी. मात्र मालकांनीं हिशेब केलाच. गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण, जें एके काळीं एकपंचमांशाच्या आसपास होतें, तें पुढें घटत गेलें. सारा दोष कायद्यावर टाकणें अन्यायाचें होईल, कारण रात्रपाळीची बंदी आणि नवीं यंत्रें हींहि कारणें होतीं. परंतु आईला दिलेल्या सवलतीची किंमत तिच्याच नोकरींतून कापली जाते, हा अनुभव तेव्हांपासूनचा.

पाळणाघरें त्यानंतर आलीं. व्हिटली कमिशनच्या १९३१ च्या अहवालानंतर १९३४ च्या कारखाना कायद्यांत त्यांची तरतूद झाली, व १९४८ च्या कायद्यानें पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास तीं सक्तीचीं केलीं. अफूचें दुकान सर्वांत शेवटीं बंद झालें: १९४९ च्या अखिल भारतीय परिषदेंत दहा वर्षांची मुदत ठरली, आणि १ एप्रिल १९५९ पासून वैद्यकीय गरजेवांचून अफू खाण्यास देशभर बंदी झाली.

येथें आमची हकीकत गिरणगांव सोडते, कारण शहरानेंच तें सोडलें. पूर्वीं गिरण्यांची सीमा फार तर कुर्ल्याच्या स्वदेशी गिरणीपर्यंत होती. १९५० सालीं महानगरपालिकेची हद्द अंधेरी-घाटकोपर घेऊन जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली, १९५७ सालीं बोरिवली ओलांडून दहिसर आणि तिकडे मुलुंड. कारखाने आणि त्यांच्या मागोमाग वस्त्या उत्तरेकडे सरकल्या. १९७३ सालीं अंधेरीस निर्यातीकरितां सीप्झ उभें राहिलें आणि तेथें हजारों तरुण मुली कामास लागल्या. १९८२ चा गिरणी संप फसला, आणि त्याच दशकांत या शहरांत गर्द आली. अफूपासूनच निघणारी, पण अफूहून कितीतरी जहाल अशी ही भुकटी. अनिल अवचटांनीं 'गर्द' हें पुस्तक लिहिलें तें याच काळांत, आणि डॉ. सुनंदा अवचटांच्या पुढाकारानें पुण्यास 'मुक्तांगण' १९८६ सालीं सुरू झालें. वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांची 'कृपा' त्याआधीं १९८१ पासूनच होती. या घरांत प्रथम आले ते पुरुष. व्यसनी स्त्री घरांतच लपवली जाई. मुक्तांगणानें स्त्रियांकरितां 'निशिगंध' काढलें तें बऱ्याच वर्षांनंतर.

लपवलेली स्त्री गर्भवती असली म्हणजे गोळीचा जुना प्रश्न उलटा होऊन येतो. आतां विष मुलाला जन्मानंतर दिलें जात नाहीं. तें नाळेंतूनच पोंचलेलें असतें. नाळ कापली कीं पुरवठा तुटतो, आणि एक-दोन दिवसांत तें बाळ थरथरूं लागतें, किंचाळल्यासारखें रडतें, शिंकतें, ढाळतें, स्तन तोंडांत घेऊनहि त्याला ओढतां येत नाहीं. चाळींतल्या बायका गोळी एकदम कां सोडवीत नसत, तें याच कारणानें. आईच्या बाबतींतहि तोच न्याय. गरोदरपणांत हें व्यसन एका झटक्यांत तोडलें तर आईचे हाल होतातच, शिवाय गर्भालाहि धोका संभवतो. म्हणून तिला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ठराविक मात्रेंत देऊन स्थिर ठेवणें हाच आज सर्वमान्य उपचार आहे. "एक नशा काढून दुसरी दिली" असा आक्षेप सुशिक्षितांच्या घरींहि ऐकूं येतो. मधुमेहाच्या रोग्यास रोज इन्सुलिन टोंचतांना तो कोणी घेत नाहीं.

बाळाच्या उपचाराची कथा तर फारच बोधक आहे. १९७५ सालीं फिलाडेल्फियाच्या डॉ. लोरेटा फिनेगन यांनीं लक्षणांना गुण देण्याचा तक्ता तयार केला. शिंका किती, जांभया किती, कंप किती. गुण वाढले कीं मॉर्फिनचे थेंब, आणि मूल आईपासून दूर, दिव्यांच्या झगमगाटांत, आठवडेच्या आठवडे. अलीकडे कांहीं डॉक्टरांनीं तीनच प्रश्न विचारावयास आरंभ केला: बाळ पितें कां, झोंपतें कां, उचलून घेतल्यावर शांत होतें कां? होत असेल तर खोलींत अंधुक उजेड, आईची कूस आणि तिचें दूध. अमेरिकेंतील २६ इस्पितळांत तेराशेंवर बाळांवर ही तुलना करून पाहिली, ती २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतींत निम्म्याहून अधिक बाळांना औषध द्यावें लागलें, नव्या पद्धतींत सुमारें पांचांत एकाला. घरीं जाण्याजोगें होण्यास पंधरा दिवस लागत, ते आठांवर आले. जी वस्तु गिरणीनें मुलापासून काढून घेतली होती, तीच येथें औषधाच्या जागीं आली आहे.

पण आई इस्पितळांत येईल तर हें. अमेरिकेंत चार्ल्स्टन शहरीं १९८९ पासून गरोदर स्त्रियांच्या लघवीची तपासणी होऊन तिचा निकाल पोलिसांकडे जाऊं लागला. कित्येकींना बाळंतपणाच्या खोलींतून अटक झाली. २००१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें संमतीवांचून केलेली अशी तपासणी घटनाविरुद्ध ठरविली. तोंवर अशा बाईनें डॉक्टरला टाळावें यांत नवल तें काय! आमच्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यांत, कलम ६४-अ प्रमाणें, स्वखुषीनें उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसास सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांतून अभय मिळूं शकतें. ही तरतूद वकिलांना ठाऊक असते. घाटकोपरच्या राजावाडींत, बोरिवलीच्या भगवतींत, जुहूच्या कूपरमध्यें किंवा मुलुंडच्या अगरवाल रुग्णालयांत नांव घालावयास आलेल्या एखाद्या मुलीला ती कोण सांगणार? तिच्या बाजूला सासू उभी असते, आणि नोंदणीच्या टेबलापाशीं रांग असते.

२०१७ च्या दुरुस्तीनें बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेस पाळणाघर बंधनकारक ठरलें. अंधेरीच्या कचेरींत ही संख्या सहज भरते. मुलुंडला सकाळपासून चार घरचीं धुणीं-भांडीं करणारी बाई चार घरांत चार वेळां एकटीच मोजली जाते, आणि तिचें तान्हें त्या वेळीं शेजारणीपाशीं असतें.