हे यमक खरंच सैल आहे का?

इंग्रजी कवितेवर काम करणार असाल, तर 'निअर ऱ्हाइम', म्हणजे पुरतं न जुळणारं सैल यमक, शोधायचा मोह तुम्हाला होणारच. ऑनलाइन शब्द टाकला की यादी हजर! पण ती यादी आजच्या उच्चारांवर बेतलेली असते.

अलेक्झांडर पोप घ्या. 'द रेप ऑफ द लॉक'च्या १७१४ च्या आवृत्तीत तो 'ओबे'शी चहाचा 'टी' जुळवतो. आज खटकतं. पण तेव्हा चहाला 'टे' म्हणणं रूढ होतं, म्हणजे यमक चोख आहे. 'जॉइन' आणि 'लाइन'चंही तेच. यावरून "पोपने नियम मोडले" असं प्रकरण लिहिलंत, तर व्हायवात पहिल्याच प्रश्नाला ते कोसळेल.

मग पुरावा कुठे बघायचा? जॉन वॉकरचा १७७५ चा कोश उघडा. त्यात शब्द शेवटच्या अक्षरांवरून लावलेत, आणि 'चालवून घेण्याजोग्या' यमकांची वेगळी सूची आहे, तीही नामवंत कवींच्या दाखल्यांसह. मला तर ही सूची मूळ कोशाहून मोलाची वाटते. फक्त एक गोम आहे: दाखल्यांतले बरेच कवी वॉकरच्या आधीचे, कान मात्र वॉकरचा. त्याला जे सैल वाटलं, ते कवीच्या काळी घट्ट असू शकतं.

विल्फ्रेड ओवेनची गोष्ट वेगळी. १९१८ मधल्या 'स्ट्रेंज मीटिंग'मध्ये 'हॉल'पुढे 'हेल' येतो. व्यंजनं तीच, स्वर बदललेला, आणि हे कवितेभर चालतं. तिथे बदललेल्या उच्चाराकडे बोट दाखवता येत नाही. ते त्याने ठरवून केलंय.