कहाणीपासून कथेपर्यंत



स्मरणिकेसाठी चार ओळी लिही, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माहेरचे गाव इंदापूर तालुक्यातले, उजनीच्या पाण्यामुळे उठलेले. नव्या गावठाणात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा लांब, म्हणून माझे नाव काढले. तेव्हा लेखणी ती काय आणि मी ती काय! पण दर गुरुवारी दुपारी आपण मंडळात जुन्या कथा मोठ्याने वाचतो आणि वाचायचे काम बहुधा माझ्याकडे असते. त्यावरच लिही म्हटल्यावर सुटका राहिली नाही.

दुसरेही एक कारण आहे. यंदाच्या बैठकीत पुस्तकांची रक्कम मोठ्या पातेल्यांकडे वळवावी अशी सूचना आली. सूचना वावगी नव्हती, पातेली सर्वांच्याच कार्याला लागतात. पण एक भगिनी म्हणाल्या, "गोष्टी वाचून काय पोट भरतंय का?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही. ते आज देते.

गोष्ट आपल्याला नवी नाही. आपली बारामती मोरोपंतांची. १७९४ साली पंत गेले, पण त्यांच्या आर्या कीर्तनातून न शिकलेल्या बायकांच्याही कानी पडत राहिल्या. आणि श्रावणातल्या कहाण्या तर आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतो. आटपाट नगरात नावडती राणी असते, तिचे हाल होतात, ती वसा घेते, उतत नाही, मातत नाही, आणि शेवटी सारे सुफळ संपूर्ण होते. दुःखाला तिथे शेवट ठरलेला असतो.

छापील कथा आली आणि हा ठरलेला शेवट सुटला. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यात 'स्फुट गोष्टी' लिहिल्या. त्यांतली 'काळ तर मोठा कठीण आला' ही गोष्ट दुष्काळाची आहे. रामजी नावाच्या गरीब माणसाच्या घरादाराची दुष्काळात कशी वाताहत होते, ते तीत सांगितले आहे. १८९७ मध्ये ती इंग्रजीतून लंडनलाही छापली गेली. रामजीने कोणाचे वाईट केले नव्हते, कोणते व्रत मोडले नव्हते. पाऊस पडला नाही, एवढाच काय तो त्याचा अपराध! मराठी वाचकाला हे नवे होते.

आपल्या भागाला मात्र ते नवे नाही. १८७६च्या दुष्काळानंतर दुष्काळनिवारणाचे काम म्हणून नीरेचा डावा कालवा झाला. १८८५ साली त्याला पाणी आले. तेव्हापासून एकाच तालुक्यात दोन मुलुख झाले. कालव्याखाली बागाईत आणि उसाचा गोडवा, तर वर सुप्याकडे जिराईत आणि आभाळाकडे डोळे.

पुढे १८९५ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिक सुरू केले. १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक निघाला. त्या काळात बायकाही लिहू लागल्या. काशीबाई कानिटकर यांची हकिकत मला फार जवळची वाटते. शाळा नशिबी नव्हती. लग्नानंतर नवऱ्याच्या इच्छेखातर त्या वाचायला शिकल्या आणि त्यापायी घरच्यांची बोलणीही सोसली. पुढे त्यांनी कादंबरी लिहिली, डॉक्टर आनंदीबाई जोशींचे चरित्र लिहिले, आणि १९२१ मध्ये त्यांचा 'चांदण्यातील गप्पा' हा कथासंग्रह आला.

दिवाकर कृष्ण यांचे 'समाधी व इतर सहा गोष्टी' हे पुस्तक १९२७ चे. त्यांच्या कथांत बाहेर फार काही घडत नाही, जे घडायचे ते मनात घडते. ती वाचताना आपल्या काही भगिनींना डुलकी लागली, हेही लपवत नाही.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आले. लेखिकेचे नाव 'विभावरी शिरूरकर'. ही कोण, म्हणून महाराष्ट्रभर चर्चा झाली, कारण ते टोपणनाव होते. त्यामागे होत्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींचे मन त्यांनी उघडे केले. मुलगी मिळवू लागली की तिचे लग्न घरालाच नकोसे होते, हे बोलून दाखवायला त्या काळी धैर्य लागत होते. आजही थोडे लागतेच.

अण्णा भाऊ साठे तर शाळेत दीड दिवसच गेले, असे सांगतात. त्यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा मुंबईला खाणीवर काम करतो. खाण बंद पडते, तसा तो स्मशानात मढ्याच्या अंगावरचे सोने शोधू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती गमवावी लागतात. त्यानंतर कळते, की खाण पुन्हा चालू झाली. हात असताना काम नव्हते, काम आले तेव्हा हात राहिला नाही. त्या गुरुवारी चहा तसाच निवून गेला.

आता मुख्य गोष्ट. व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' १९४९ चे. त्यात 'धर्मा रामोशी' आहे. लेखक त्या म्हाताऱ्या धर्माला धोतर देतात, पण ते त्याच्या अंगावर काही दिसत नाही. मग कळते, की लेकीला नेसायला धड वस्त्र नव्हते, म्हणून तिनेच ते गुंडाळले आहे.

ती कथा मी वाचली तेव्हा आमच्या सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या एकाएकी म्हणाल्या, "म्हंजी त्यांच्यातबी तसंच हुतं व्हय?" आणि मग, त्यांच्या तोंडून घरात कोणी कधीही न ऐकलेले त्यांनी सांगितले. १९७२च्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. सुप्याकडे खडी फोडायच्या कामावर जात, सुकडी आणि तांबड्या मिलोवर दिवस काढत. त्यांच्यात आणि थोरल्या जावेत धडके लुगडे एकच होते. एकीने बाजाराला जायचे ठरले, की दुसरीने फाटके गुंडाळून आत बसायचे. "कुनाला सांगायचं? लाज वाटायची. आपल्याच घरात असं हाय, वाटायचं," त्या म्हणाल्या.

पन्नास वर्षे बाईने ती लाज एकटीने वाहिली. लाज तिची नव्हतीच, ती दुष्काळाची होती. हे तिला मी सांगितले नाही, मंडळाने सांगितले नाही, एका छापील कथेने सांगितले. त्या दिवशी आणखी तिघीजणी बोलल्या. कोणी काय सांगितले ते येथे लिहीत नाही, ते त्यांचे आहे.

सासूबाई आज नाहीत. त्या दिवशी घरी जाताना मात्र त्या मला म्हणाल्या होत्या, "फुडच्या गुरवारी लौकर जाऊ."

तेव्हा भगिनींनो, पातेलीही घेऊ, वर्गणी चार रुपये वाढवून घेऊ. पण पुस्तकांची रक्कम पुस्तकांनाच राहू द्यावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे. गोष्टीने पोट भरत नाही, हे अगदी खरे. पण पोटातले ओठावर येते, आणि तेवढ्याने माणूस हलका होतो.