उसनी गाडी, भाड्याचं इंजिन

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात शार्लट नावाचं शहर आहे. तिथं 19 जून 1949 रोजी, पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर, नॅसकार या तेव्हा नव्याच असलेल्या संघटनेनं दोनशे फेऱ्यांची एक शर्यत भरवली. अट एकच. शोरूममध्ये मिळते तशीच गाडी आणायची, आत हात लावायचा नाही. स्टॉक कार म्हणजे तीच.

ली पेटी नावाचा एक गृहस्थ त्या दिवशी ओळखीच्या माणसाची ब्युइक मागून घेऊन आला होता. भर शर्यतीत ती कोलांट्या खाऊन निकामी झाली. घरची माणसंही त्याच गाडीतून आलेली, त्यामुळे परत जायचं कसं, इथपासून पंचाईत! पहिला आलेला ग्लेन डनवे तपासणीत बाद झाला. त्याच्या गाडीच्या स्प्रिंगा चोरटी दारू वाहणारे करत तशा कडक केलेल्या निघाल्या. मग दोन हजार डॉलरचं बक्षीस गेलं जिम रोपरकडे. तो दूरच्या कॅन्सासहून आला होता, आणि त्याची लिंकन एका विक्रेत्याची होती. म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवर शर्यत मारणं हे या खेळात पहिल्या दिवसापासून आहे.

पण त्या उसनवारीत आणि पुढच्या भाड्यात फरक आहे. पेटीनं ब्युइक उसनी घेतली तरी तिचं बॉनेट उघडून आत काय आहे ते तो बघू शकत होता. पुढची कित्येक वर्षं हा खेळ चालला तो असल्याच माणसांवर. दिवसा गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या, रात्री आपलं इंजिन खोलायचं आणि शनिवारी गावच्या ट्रॅकवर ते पळवायचं. फुटलं तर रविवारी पुन्हा खोलायचं. वेळ घरचा, हात घरचे. खर्च काय तो सुट्या भागांचा.

हळूहळू इंजिनं इतकी नाजूक होत गेली की हे घरचं काम पुरेना. वरच्या पातळीवरचं 358 घन इंचांचं, म्हणजे जेमतेम सहा लिटरचं इंजिन मिनिटाला नऊ हजारांच्या वर फिरू लागलं. त्याला डायनो हवा, अचूक यंत्रं हवीत, पगारी तज्ज्ञ हवेत. हे सगळं परवडणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग तेच कारखाने इतरांना इंजिनं भाड्यानं देऊ लागले, आणि ही रीत खालच्या प्रादेशिक मालिकांतही झिरपली.

आपल्याकडे जत्रेच्या नाटकाला ड्रेपरी भाड्यानं आणतात ना, तसंच काहीसं. एका प्रयोगापुरता राजाचा मुकुट आपला, दुसऱ्या दिवशी मोजून परत. फाटला-तुटला तर भरपाई. भाड्याचं इंजिनही सील लावून येतं. शर्यत झाली की परत जातं आणि मालकाकडेच खोललं जातं. चालकानं ठरल्यापेक्षा जास्त फिरवलं तर नोंद राहते. एकरकमी मोठा पैसा घालावा लागत नाही हा त्यातला फायदा, आणि तो खराच आहे. पण हंगाम संपला की हातात काही उरत नाही. विकायला जुनं इंजिन नाही, सुटे भाग नाहीत, आणि मुख्य म्हणजे ते का फुटलं याचं ज्ञानही नाही. गावच्या शर्यतीचं बक्षीस मात्र भाड्याच्या मागून कधी धावलं नाही.

भाड्याच्या इंजिनावर जिंकता येत नाही, असं मात्र कोणी समजू नये. 2011 साली टोनी स्टुअर्ट नॅसकारचा विजेता झाला तो हेंड्रिकच्या कारखान्यातल्या इंजिनावर, आणि हेंड्रिकच्याच जिमी जॉन्सनची सलग पाच विजेतेपदांची मालिका त्या वर्षी तुटली. 2017 साली मार्टिन ट्रूएक्स ज्युनियरनं डेन्व्हरच्या एका छोट्या संघाला विजेतेपद मिळवून दिलं. इंजिन टोयोटाकडचं, तंत्राची साथ दुसऱ्या मोठ्या संघाची, अर्थात पैसे मोजून. पुढच्याच वर्षी मोठा प्रायोजक गेला आणि 2018 च्या हंगामाअखेर संघच बंद झाला. वरच्यांची ही गत, तर शनिवारवाल्यांचं काय?

त्यांच्यासाठी निघालेला उपाय म्हणजे खोक्यात बंद होऊन येणारं तयार इंजिन. जनरल मोटर्सनं 5.7 लिटरची अशी दोन इंजिनं आणली. 602 क्रमांकाचं 350 अश्वशक्तीचं, 604 क्रमांकाचं 400 चं. विकत घ्यायचं, बसवायचं, पळवायचं. कारखान्याचे खास बोल्ट लावलेले, ते काढले तर कळावं म्हणून. सगळ्यांचं इंजिन सारखं, म्हणजे पैशाची चढाओढ थांबेल, हा हिशोब. आर्का ही ओहायोच्या टोलेडोतून 1953 साली सुरू झालेली मालिका. तिनं 2015 पासून इल्मोर कंपनीचं एकाच साच्याचं इंजिन स्वीकारलं. 2018 पासून नॅसकारच्या ट्रक मालिकेतही तसंच इल्मोर आलं.

माझ्या मते खर्चापुरता हा मार्ग भाड्यापेक्षा बरा. इंजिन निदान आपलं असतं, उद्या विकता तरी येतं. पण खोलायची मनाई इथंही आहेच. गॅरेजमध्ये वाढलेल्या माणसाला हे पचणं कठीणच. त्यामुळे काही वर्षांतच बाजारात कारखान्याच्या बोल्टसारखे हुबेहूब नकली बोल्ट आले. रात्री सील तोडायचं, आत हवा तो बदल करायचा, नकली बोल्ट ठोकायचे आणि शनिवारी निरागस चेहऱ्यानं ट्रॅकवर यायचं. शेवटी शर्यती भरवणाऱ्यांना सीलच बदलावी लागली. ग्लेन डनवेला हे कळलं असतं तर तो हसला असता.