बिऱ्हाडासंगं फिरणारी चूल

दिवाळी झाली की आमच्या बालाघाटावरून ऊसतोडीच्या गाड्या खाली उतरतात. ट्रॉलीत कोपीचं सामान, बाजरीचं पोतं, शेळी, लेकरं, आणि फळकुटाला तारेनं बांधलेली पत्र्याची चूल. साखरेचा इतिहास लिहिणारांनी प्रवरानगरचा कारखाना लिहिला, 1950-51 चा पहिला गळीत हंगाम लिहिला. ते योग्यच. पण उसामागं फिरणारी ही चूल काही माझ्या वाचनात आली नाही.

आई बैलगाडीनं तोडीला जायची तेव्हा तीन दगडांवर भागायचं. आमच्या मुरमाड रानात दगडाला काय तोटा! पण खाली गोदा-प्रवरेकाठी काळी गाळाची जमीन. कुदळ मारली तरी दगड लागत नाही. ढेकळं मांडली तर जाळानं फुटतात अन् तवा कलंडतो. म्हणून बाया घरूनच दगड न्यायच्या. बैलांना तेवढंच ओझं जास्त.

मग रॉकेलचे, डालड्याचे, तेलाचे डबे गावोगाव झाले आणि दगड सुटले. पंधरा किलोचा डबा उभा घ्यायचा. वरचं झाकण कापायचं, समोर खाली वीतभर तोंड पाडायचं. आतून दोन बोटं माती लिंपायची, तीही शेण अन् भुसा कालवून, नाहीतर तडकते. कडेवर मातीचेच तीन उंचवटे ठेवायचे, म्हणजे भांड्याखालून धूर निघतो आणि जाळ ओढून धरतो. लिंपण नसलं तर हंगाम सरेस्तोवर पत्र्याची चाळण होते. वारं फिरलं की चूलही फिरवायची. घरच्या चुलीला ते जमत नाही.

जळणाचं मात्र अवघड. पाचट भपकन पेटतं आणि भाकरी फुगायच्या आत विझतं. बांधावरची बाभळीची काटकी तोडावी तर मालक ओरडतो. पहाटे तीनला उठून त्या धुरात बाई दिवसभराच्या भाकरी बडवते आणि वर कोयता घेऊन फडात जाते. मुकादमाच्या हिशेबात त्या दोन तासांना पैसा नाही.

1980 नंतर सरकारनं बिनधुराच्या चुलींची मोहीम काढली. आमच्या गावात बांधल्या त्या भिंतीला धरून, धुराड्यासकट पक्क्या. चांगल्या होत्या. पण सहा महिने घराला कुलूप. बिनधुराची चूल कुलपात आणि बाई कोपीत धुरात! पुण्याच्या 'आरती' संस्थेनं पाचटापासून कोळसा केला, त्याला 2002 साली ॲशडेन पारितोषिक मिळालं. युक्ती नामी, पण माझ्या बघण्यातल्या एकाही कोपीत तो कोळसा पोचला नाही. 2016 च्या उज्ज्वलाचा गॅसही आमच्याकडं बहुतेकांनी घरीच ठेवला. परमुलखात टाकी भरून कोण देणार?

गेल्या हंगामात भावकीतल्या एका सुनेनं रंगाच्या लोखंडी बादलीची चूल केली. आत लोखंडाची जाळी बसवली, खाली राखेला जागा ठेवली. काटक्या निम्म्या लागतात म्हणाली. यंदा तिच्या टोळीतल्या चौघीजणी तशाच बादल्या शोधतायत.